तोरण्याचे वर्गणीदार

शरच्चंद्राने टपालातून परत आलेल्या अंकांचं पोतं टेबलावर उपडं केलं आणि एकेक अंक उचलून बघायला सुरुवात केली. आधी कोपरा बघायचा, मग वेष्टणावरचं नाव वाचायचं, मग डाव्या हाताला ठेवायचा. प्रत्येकाचा खालचा कोपरा कात्रीने तिरका उडवलेला होता. म्हणजे सगळे तोरण्याचे. बिनकापला, म्हणजे नीरातीरचा, एकही नव्हता.

"बघितलंत?" आनंदराव खुर्चीत मागे रेलत म्हणाले. "आता तरी लिहा."

"लिहिण्याआधी बघावं लागतं."

"अजून काय बघायचं, पंत? पैसे भरलेला माणूस दारात आलेला अंक कधी परत करतो का? ही माणसंच नाहीत. नावं आहेत नुसती."

शरच्चंद्राने रिकामं पोतं झटकून पाहिलं. आनंदरावांचं म्हणणं त्याला पटत होतं, आणि एखादं म्हणणं फार लवकर पटायला लागलं की त्याला त्या म्हणण्याचाच संशय यायचा. पुण्यात हिशेब तपासण्याचं काम करता करता त्याचा स्वभावच तसा झाला होता. घरी भाजी आणली तरी तो वरची जुडी उचलून खालची बघत असे. बायकोने यावरून त्याला बोलणंही सोडून दिलं होतं.

भोरसारख्या गावाला एक साप्ताहिकसुद्धा जास्त झालं असतं, आणि तिथे दोन निघत होती. आनंदरावांचं 'नीरातीर' जाडजूड होतं. संस्थानच्या नोटिसा, नसरापूरच्या दुकानदारांच्या जाहिराती, मोठं यंत्र, सगळं त्यांच्याकडे. रघुवीरच्या 'तोरणा'कडे पायाने चालवायचं एक जुनं यंत्र होतं आणि छपाईचे झिजलेले खिळे, त्यामुळे त्यातली अर्धी अक्षरं अंदाजाने वाचावी लागत. गेल्या वर्षीच्या दसऱ्याला दोघांची मिळून एक कंपनी झाली. मथळ्यावर 'नीरातीर व तोरणा' असं छापलं जाऊ लागलं. पुढे दर महिन्याला त्यातला 'व तोरणा' थोडा बारीक होत गेला, पण ती गोष्ट वेगळी.

रघुवीरला या कंपनीत रुपयात पाच आणे वाटा मिळाला तो एका यादीच्या जोरावर. वेल्ह्याकडच्या डोंगरातल्या वर्गणीदारांची यादी. पासली, केळद आणि आसपासच्या वाड्या. तिकडे पोचायला जाहिरातदारांना दुसरी वाटच नव्हती, आणि इथे एक कागद डोंगरात घराघरांत जातो म्हटल्यावर चहावाले आणि मलमवाले दुप्पट दर द्यायला तयार झाले. करारात आनंदरावांनी एक कलम मात्र घालून घेतलं होतं. यादी खोटी निघाली तर वाटा रद्द, आणि रघुवीरचं यंत्र कंपनीकडेच राहणार. म्हणजे रघुवीरला नेसत्या धोतरानिशी बाहेर पडावं लागलं असतं.

आषाढात सहामाहीचा हिशेब बघायला शरच्चंद्र पहिल्यांदा आला, तेव्हा त्याला एक अडचण दिसली. दोन्ही याद्यांना एकच अंक जाणार, मग कुणाच्या यादीवर किती टपालखर्च झाला आणि कुणाचे किती अंक परत आले, ते कळायचं कसं? त्यावर त्याने स्वतः तोड काढली. तोरण्याच्या यादीतल्या प्रत्येक अंकाचा, वेष्टणासकट, खालचा कोपरा कात्रीने कापायचा. बिनखर्चाची खूण. आनंदरावांनी त्याच्या पाठीवर थाप मारली होती, आणि शरच्चंद्रालाही त्या दिवशी स्वतःचं कौतुक वाटलं होतं.

खूण सुरू झाली आणि श्रावणापासून अंकांची पोती परत येऊ लागली. आधीही येत असणार, रघुवीर ती परस्पर दडवत असणार, खुणेमुळे आता उघडं पडलं, असा शरच्चंद्राने अर्थ लावला. तो अर्थ नसरापूरच्या बाजारात पोचायला वेळ लागला नाही. जाहिराती गळाल्या. जेमतेम भागत होतं ते भागेनासं झालं.

आणि भाद्रपदात खुद्द रघुवीर आनंदरावांकडे गेला होता. कोपरे कापणं बंद करा, म्हणाला होता. यापेक्षा मोठा पुरावा कुठल्या तपासनिसाला हवा असतो?

रघुवीर आतल्या खोलीत वेष्टणांना खळ लावत बसला होता. पन्नाशीचा, बारीक अंगाचा माणूस. डोंगरातले सगळे पत्ते एकाच वळणदार अक्षरात लिहिलेले होते. ते त्याच्या बायकोचं, सौदामिनीबाईंचं अक्षर. एका हाताने इतकी नावं लिहिता येतात, तशी रचताही येतात, हे शरच्चंद्राने केव्हाच टिपून ठेवलं होतं.

"हे लोक अंक का परत करतात?" त्याने विचारलं.

रघुवीरने त्याच्या हातातल्या अंकाकडे पाहिलं, कापलेल्या कोपऱ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा खळ लावू लागला.

"पासलीला जाऊन या."

"तुम्हीच सांगा की."

"मी सांगितलेलं तुम्ही लिहून घ्याल, पंत. खरं मानणार नाही."

"खूण बंद करा, असं का म्हणालात?"

"तेही तिथेच कळेल."

शरच्चंद्राने हातातला अंक खाली ठेवला. मग सहज आठवल्यासारखं दाखवत त्याने खरा प्रश्न विचारला. "पासलीचे सगळे अंक परत येतात. एक मात्र येत नाही. धोंडाबाई म्हणून कुणी आहे, तिचा."

रघुवीरचा खळीतला हात थांबला.

"ती घेते."

"अख्खं गाव घेत नाही आणि ही एकटी घेते?"

"म्हातारी आहे."

"वर्गणी कोण भरतं तिची?"

"मुलगा. मानसिंग. मुंबईला असतो." रघुवीरने हे खाली बघूनच सांगितलं. "तिला त्रास देऊ नका. बाकी कुणालाही विचारा."

शरच्चंद्राला एवढंच हवं होतं. ज्या दाराशी जाऊ नका म्हणतात, तिथेच आधी जायचं असतं. त्याने रघुवीरला दिवस न सांगता दुसऱ्या सकाळची मोटार पकडली.

नसरापूरला मोटार बदलून तो वेल्ह्यापर्यंत गेला, रात्री तिथल्या शाळेत पडला आणि सकाळी पासलीची वाट धरली. भाताची झोडणी चालू होती. खळ्याखळ्यांतून पेंढ्या आपटल्याचा आवाज येत होता आणि हवेत भुसा तरंगत होता. तोरणा किल्ला उजव्या अंगाला इतका वेळ दिसत राहिला की त्याला त्या किल्ल्याचाही कंटाळा आला.

गावात शिरताच पहिल्या खळ्यावर त्याने सांगितलं, "भोरहून आलोय. छापखान्याकडून."

झोडणी थांबली. एका तरुण बाईने पदर ओढून घेतला आणि ती झपाट्याने घराकडे निघून गेली. बाकीच्या बायका त्याच्याकडे नुसत्या बघत राहिल्या. एक म्हातारा हातातली पेंढी खाली ठेवून पुढे आला. त्याचं नाव गेनबा. निघून गेली ती त्याची सून, फुलाबाई.

"बसा," गेनबा म्हणाला. ओसरीकडे बोट केलं, पण घोंगडी टाकली नाही. पाणीही विचारलं नाही. एवढी वाट चालून आलेल्या माणसाला पाणी न विचारणारं घर शरच्चंद्राने आजवर पाहिलं नव्हतं. ही माणसं काहीतरी लपवताहेत, याची त्याला खात्री पटत चालली.

त्याने पिशवीतून परत आलेला एक अंक काढला. "हा तुमच्या घरच्या नावाचा ना?"

गेनबा दोन पावलं मागे सरला.

"त्यो तितंच ठिवा. उंबऱ्याच्या आत आनू नगा."

"वर्गणी भरलीय याची?"

"भरलीया की. पोरगं भरतंय. कोंडिबा. परळात हाय, गिरनीत."

"घरात वाचतं कोण?"

"आमाला कुटं येतंय वाचाया."

"गावात?"

"गावात कुनालाच न्हाई."

शरच्चंद्राने वही काढली. हे तर फारच सोपं निघालं. "मग वाचता येत नसताना कागद कशाला घेता, गेनबा?"

म्हाताऱ्याने त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू विचारणाराच खुळा आहे.

"पोराला लिवाया येत न्हाई. लिवून घ्यायाचं तर दुसऱ्याच्या दाराला जावं लागतंय, आन् त्यो काय लिवंल त्येचा भरवसा न्हाई. मंग रघुवीरदादा मुंबईला त्येंच्या खोलीवर गेलं हुतं, तवा सगळ्या पोरांनी वर्गनी भरली. म्हनली, दर आटवड्याला घरी कागुद जाईल. कागुद आला की घरच्यांनी समजायचं, आमी बरं हाय." गेनबाने वर आढ्याकडे बोट केलं. "त्ये बगा."

आढ्याला सुतळीने बांधलेले गठ्ठे टांगले होते. वेष्टणं तशीच, न फोडलेली. धुराने पिवळी पडलेली. एकही अंक उघडून पाहिलेला नव्हता. दर आठवड्याला भोरात आनंदराव ज्या अग्रलेखावर घाम गाळत, तो इथे जन्मात कुणी वाचणार नव्हतं, आणि तरी प्रत्येक अंकाची वाट बघितली जात होती.

गोष्ट चांगली होती. चांगली गोष्ट कुणीही पढवू शकतो, हेही शरच्चंद्राला ठाऊक होतं.

"रघुवीरदादा इकडे कधी आले होते?"

"भादव्यात."

"काय सांगून गेले?"

"सांगत्यात काय? त्येंनाच आमी चार शिव्या घातल्या. खाली मान घालून गेलं."

शिव्या घातल्या, हे मात्र पढवलेल्या माणसाचं बोलणं नव्हतं. शरच्चंद्राची पेन्सिल जरा अडखळली.

"मग आता अंक परत का करता? मुलगा पैसे भरतो, कागद येतो, मग परत का?"

"तुमी बामन ना, रावसाहेब?"

"हो."

"मंग तुमच्यात न्हाई फाडत व्हय?"

"काय?"

"कोपरा."

शरच्चंद्राने हातातल्या अंकाकडे पाहिलं. वडील वारले तेव्हा काकांनी पाठवलेलं कार्ड त्याच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं. तेही कोपरा फाडलेलं होतं. आईने ते दारातच वाचलं होतं. खरं तर वाचलंच नव्हतं, कोपरा बघूनच ती खाली बसली होती. मयताची बातमी असली की कार्डाचा कोपरा फाडायचा, ते घरात ठेवायचं नाही, हे त्याला लहानपणापासून माहीत होतं. भोरातल्या प्रत्येक घराला माहीत होतं. पण ते पत्राचं. वर्तमानपत्राचा कोपरा कापताना त्याच्या, आनंदरावांच्या किंवा छापखान्यातल्या कुणाच्याही मनाला ते शिवलं नव्हतं. वर्तमानपत्र हे कुणाचं पत्र असतं का?

गेनबा सांगत होता. आवाज चढवत नव्हता.

"सरावनात पोष्टमन आला. गावात येकेका घरी कागुद दिला. फुलानं पयलं बगितलं. तिनं उंबऱ्यावर हात आपटून बांगड्या फोडल्या. आमाला काय झालं त्ये कळंना, तवर शेजारच्या घरातनं रडनं आलं. मंग वरच्या आळीतनं. पोष्टमन पळाला. आमी म्हनलं गिरनी जळाली आसंल, न्हाईतर पलेग. येकदम येवडी पोरं. म्या तसाच निगालो. नसरापुरातनं मोटार, पुन्यातनं आगगाडी. परळात खोलीवर गेलो तर कोंडिबा भाकर खात बसला हुता. म्या त्येच्या मुस्काटात दिली."

"का?"

"जिता हुता म्हनून."

खळ्यावर पुन्हा झोडणी सुरू झाली होती. दाराआड फुलाबाई उभी होती. तिच्या हातातल्या बांगड्या नव्या कोऱ्या, हिरव्या होत्या. शरच्चंद्राने त्या पाहिल्या आणि मान खाली घातली.

"मंग खरं आसू नायतर खोटं, तसला कागुद घरात कोन घील? आन् येक सांगा मला," गेनबा म्हणाला. "कापला कुनी त्यो कोपरा? रघुवीरदादा नाव सांगंनात. तुमी सांगा. निस्तं नाव."

रघुवीरने नाव सांगितलं नव्हतं. गावाच्या शिव्या स्वतः खाऊन तो परत गेला होता.

"छापखान्यातल्या कुणाची तरी चूक झाली," शरच्चंद्र म्हणाला. "आता होणार नाही."

गेनबाने आत वळून हाक मारली, "फुला, पानी आन पावन्यांला."

फुलाबाईने तांब्या आणून दिला. तो शरच्चंद्राने मान वर न करता रिकामा केला. इतकी लाज त्याला आयुष्यात कधी वाटली नव्हती, आणि ती सांगण्याइतका धीरही त्याच्यात नव्हता.

जायला उठताना त्याला आपला खरा प्रश्न आठवला. "धोंडाबाई मात्र अंक घेते, असं ऐकलं."

"घेती. तिचा ल्योक बोटीवर लागलाय, म्हनून त्यो कोनाला दिसत न्हाई. म्या आल्यावर तिलाबी सांगितलं, मावशे, खोटं हाय, सगळ्यांचं कोपरं कापल्यात. ती व्हय म्हनली. धीराची बाई हाय."

धोंडाबाईचं घर गावाच्या टोकाला होतं. ती अंगणात सुपाने भात पाखडत होती. शरच्चंद्राने छापखान्याचं नाव काढलं तरी तिचा हात थांबला नाही. तिने पायानेच पाट पुढे सरकवला.

"बसा. उनातनं आला."

ओसरीवरून त्याला आतलं आढं दिसत होतं. तिथे गठ्ठा टांगलेला होता, इतरांसारखाच. पण दाराच्या आत, कोनाड्यात, दुसरा एक लहान गठ्ठा वेगळा ठेवला होता. त्यावर विटेचा तुकडा. सगळे कोपरे कापलेले.

"हे वेगळे का ठेवलेत, आजी?"

"त्ये येगळं हायेत म्हनून."

"गेनबांनी तुम्हाला सांगितलं ना? कोपरे चुकून कापले होते. सगळ्यांचेच."

"सांगितलं की."

ती पाखडत राहिली. शरच्चंद्राला वाटलं, इथे आता गप्प बसावं. पण तपासनिसाला गप्प बसता येत नाही.

"मग तुम्ही एकट्याच का घेता?"

"बाकीच्यांच्या घरी त्यो खोटा हुता." तिने सूप खाली ठेवलं. "माज्या घरी खरा हुता."

खालच्या खळ्यावरचा आवाज तेवढा येत होता.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुनी न्हाई. तीन शिमगं झालं, मानसिंग आला न्हाई. खोलीवरली पोरं म्हनत्यात बोटीवर लागला. मानसिंगाला वड्याचं पानी बगून भ्या वाटायचं, त्यो बोटीवर जातूय? पर म्या म्हनलं, कागुद तर येतुया. कागुद येतुया म्हंजे हाय. मंग येक दिस रघुवीरदादा आलं. हितंच बसलं, तुमी बसलाय तितं. पानी प्यालं. लई येळ बसलं. आन् मंग म्हनलं, आजी, कागुद येत ऱ्हाईल हां. आन् गेलं. आता येवडा डोंगर चढून कुनी येवडंच सांगाया येतो व्हय?"

शरच्चंद्राला भोरची ती खोली आठवली, खळीत थांबलेला तो हात. मानसिंग वर्गणी भरतो, असं रघुवीर खाली बघून म्हणाला होता. तीन वर्षं ही वर्गणी कुणाच्या खिशातून येत होती, ते त्याला आता कुणी सांगायला नको होतं. अख्ख्या यादीत एकच नाव खोटं होतं, आणि ते नेमकं हे होतं. परत न येणारं. हिशेबात सर्वांत चोख दिसणारं.

"त्यांना विचारलं का नाही?"

"काय इचारू? त्यो मानूस सांगाया आला हुता, त्येच्या तोंडातनं निगालं न्हाई. त्यानं येवडं झाकलं, म्या कशाला उगडू?" तिने पदराने तोंडावरचा भुसा पुसला. "पर आतल्या आत लई वाईट वाटायचं, बाबा. दर आटवड्याला कागुद यायाचा. धड रडताबी येईना. मंग सरावनात त्यो आला, कोपरा कापल्याला. समद्या बाया वरडत हुत्या. त्यात म्याबी रडून घेतलं. कुनाला कळलं न्हाई."

शरच्चंद्राने चष्मा काढला.

"तो कोपरा कापायला मी सांगितलं होतं," तो म्हणाला. गेनबाजवळ जे निघालं नव्हतं ते इथे आपसूक निघालं. "दुसऱ्याच कामासाठी. मला हे माहीत नव्हतं."

धोंडाबाईने पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं.

"तुमी व्हय," ती म्हणाली. रागावली नाही. "फुलाच्या बांगड्या फुटल्या त्ये वाईट झालं. पोरीबाळींच्या घरी आसलं पाटवू नगा."

"नाही पाठवणार. उद्यापासून बंद. तुमचाही येणार नाही कापलेला."

"न्हाई, न्हाई." तिने हात हलवला. "बाकीच्यांचं नगा कापू. माजा तेवडा कापत जावा. बिनकापला आला तर मला पुन्हा वाट बगावी लागंल."

भोरात परतल्यावर शरच्चंद्र आधी आनंदरावांसमोर उभा राहिला.

"किती खोटी?" आनंदरावांनी विचारलं.

"एकही नाही."

"मग परत का येतात?"

शरच्चंद्राने कोपऱ्याची गोष्ट सांगितली. खूण आपली, कल्पना आपली, नुकसानही आपलं, हे त्याने अहवालात लिहून आणलं होतं. खूण बंद करा, अंक स्वीकारले जातील, पोती थांबली की जाहिराती परत येतील. आनंदरावांनी अहवाल वाचला, पुन्हा वाचला, आणि चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं.

"म्हणजे चोर तुम्हीच."

"तसं म्हणा हवं तर."

"पंत, स्पष्ट विचारतो, राग मानू नका. रघुवीरने तुम्हाला काही दिलं का?"

शरच्चंद्राला राग आला नाही. हाच प्रश्न त्याने आजवर कितीतरी माणसांना विचारला होता. त्यांना तो कसा लागत असेल, ते आज कळलं.

"नाही."

"आणि पासलीची ती म्हातारी? जिचा अंक परत येत नाही? तिला भेटलात?"

"भेटलो."

"खरी आहे?"

"खरी आहे," शरच्चंद्र म्हणाला. इतक्या वर्षांच्या कामात पुरावा हातात असून उलट सांगण्याची ही त्याची पहिलीच वेळ होती, आणि तसं म्हणताना त्याची जीभ जराही अडखळली नाही.

आतल्या खोलीत रघुवीर अंक बांधत होता. शरच्चंद्र आत आला तरी त्याने वर पाहिलं नाही.

"कोपरे कापायचे नाहीत आता," शरच्चंद्र म्हणाला. "तसं लिहून दिलंय."

रघुवीरने हळूच मान हलवली आणि पुढचं वेष्टण उचललं. पाच आणे वाटा, यंत्र, सौदामिनीबाईंचं घर, सगळं जागच्या जागी राहिलं होतं. तरी तो आभार मानायला धजला नाही. हा तपासनीस पासलीत आणखी कुणाकुणाला भेटला, याचीच त्याला धास्ती असावी.

शरच्चंद्र पासलीच्या ढिगाशी गेला. एकेक नाव बघत त्याने एक अंक बाहेर काढला. खुंटीवरची कात्री घेतली आणि खालचा कोपरा तिरका कापला.

"अहो, काय करताय?" रघुवीर उठून उभा राहिला. त्याने नाव वाचलं. "हा नका कापू, पंत. बाकी कुणाचाही कापा, हिचा नको. तिला वाटेल, तिचा मुलगा..."

"तिनंच सांगितलंय कापायला."

मागचा गठ्ठा हाताने चाचपत रघुवीर त्यावर बसला.

"केव्हापासून?" त्याने विचारलं. "केव्हापासून माहीत आहे तिला?"

"तुम्ही पाणी पिऊन उठलात तेव्हापासून."

रघुवीरने दोन्ही हात तोंडावर घेतले. हाताला खळ होती, ती कपाळाला लागली. शरच्चंद्राने वेष्टणाला तिकीट चिकटवलं, ते अंगठ्याने दाबून धरलं आणि अंक पासलीच्या गठ्ठ्यावर ठेवला.